अरुंधती दिसली का?

आमच्या मनीषनगरच्या गच्चीवर इतक्या वर्षांत कितीतरी जणांना मी आकाश दाखवलं असेल. त्यातल्या एकाच माणसानं मला खरं उत्तर दिलं. त्या खऱ्या उत्तरानं आमच्या घरात पाच दिवस काय होऊन बसलं, ते सांगते.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी आठवी शिकलेली. तारे मी पुस्तकातून फार उशिरा वाचले. आधी शिकले ते सावनेरकडं, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत. यजमान खाणीत होते. पहिल्या पाळीचा डबा पहाटे द्यावा लागायचा आणि घरातलं घड्याळ मनात आलं तर चालायचं. मग मी अंगणात येऊन वर पाहायची. अमका तारा कडुनिंबाच्या शेंड्यावर आला की कणीक भिजवायची, उतरायला लागला की डबा बांधायचा. पंधरा दिवसांनी तोच तारा लवकर यायला लागतो, मग दुसरा धरावा लागतो, हेही माझं मलाच कळलं. एकदा चुकीचा तारा धरला आणि यजमानांना तासभर आधी उठवलं. ते बिचारे डबा घेऊन फाटकाशी जाऊन बसले. तेव्हापासून कधी चुकले नाही.

यजमान गेले, मुलानं मनीषनगरात फ्लॅट घेतला, आणि माझं आकाश चार मजले वर गेलं. वर गेलं म्हणून जवळ आलं असं मात्र झालं नाही. इथलं आकाश म्हणजे अर्धी पुसलेली पाटी. खाली सिमेंटचा रस्ता, त्यावर पांढरे दिवे, बेसा रोडकडं लग्नाचे लॉन, त्यांचे ते गरगर फिरणारे झोत ढगापर्यंत जातात. विमानतळ जवळ, म्हणून निम्मे तारे हलतात. तरी जे उरलं ते मी पाहायची. मग बिल्डिंगमधल्या बायका यायला लागल्या, त्यांच्या सुना, पाहुणे. संध्याकाळी साडेसात-आठला मी खुर्ची टाकून बसायची आणि दाखवायची. हा गुरू, ही मघा, ही चित्रा. आणि शेवटी ठरलेलं, सप्तर्षी. पतंगासारखे सात तारे, त्याच्या शेपटीतला मधला तो वसिष्ठ. त्याला चिकटून एक बारीक तारा असतो, ती अरुंधती. लग्नात नवरदेव नवरीला दाखवतो ती.

"दिसली का?" मी विचारायची.

"हो हो, दिसली!" सगळ्या म्हणायच्या.

एकही बाई नाही म्हणाली नाही. कशी म्हणेल? जिला अरुंधती दिसत नाही तिचे सहा महिने उरले, असं आपल्यात लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. सुनेसमोर, शेजारणीसमोर कोण म्हणेल नाही दिसत? सगळ्या मान वर करायच्या, डोळे बारीक करायच्या आणि "ती काय!" म्हणून खाली उतरायच्या. आणि आता लपवण्यात काय अर्थ, मीही तेच करायची. त्या जागेकडं बोट दाखवायचं, "ती पाहा" म्हणायचं आणि पुढं बोलायला लागायचं. बोट अगदी बरोबर जागी असायचं. त्या जागी काही दिसतंय का, हे मी स्वतः पाहत नव्हते.

तर असा तो मे महिना होता. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले ते नऊ दिवस, लागायला थोडाच अवकाश होता. कूलरचं पाणी दिवसातून दोनदा भरावं लागत होतं. माझी थोरली नणंद कुहीकडच्या तिच्या गावाहून आमच्याकडं आली होती. मी तिला बाई म्हणते. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. त्या बाईनं आयुष्यभर धानाच्या बांधीत कमरेत वाकून रोवणी, म्हणजे भाताची लावणी, केली आहे. मी सतरा वर्षांची नवरी म्हणून आले तेव्हा ती माहेरपणाला आलेली होती, आणि माझ्या जळलेल्या भाकरी तिनं आधी स्वतःच्या ताटात घेतल्या, म्हणजे सासूच्या नजरेस पडू नयेत. "मले जळकीच आवडते," म्हणायची. कोणाला आवडते हो जळकी?

तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. दहा पावलं चालली की धाप, झोपली की छातीत घरघर. डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडून झडप बदलावी लागेल, आणि थांबू नका. आज बरी दिसतात, एखाद दिवशी चालता चालता पडतील. मंगळवारी भरती व्हायचं आणि बुधवारी ऑपरेशन, असं ठरलं. ती शुक्रवारी आली.

त्याच संध्याकाळी मला बुद्धी सुचली. घरात उकडत होतं, ती कंटाळली होती. मी म्हटलं, "चला बाई, वर वारा असन. लिफ्ट चौथ्यापर्यंत जाते, पुढं सोळा पायऱ्या. बसत बसत चढू."

चढलो. दर चार पायऱ्यांना बसलो. वर खुर्चीत तिला बसवलं, पाणी दिलं. ती खूश होती. खालच्या दिव्यांकडं पाहून म्हणाली, "इतकी लाईट? इथं चोर काम कवा करते मग?" मी हसले आणि माझं नेहमीचं सुरू केलं. गुरू दाखवला, चित्रा दाखवली. शेवटी सप्तर्षी. बोट वर.

"ती पाहा अरुंधती. दिसली का?"

बाईनं चष्मा पुसला. पुन्हा लावला. हाताचा पंजा कपाळावर धरला, जसा शेतात उन्हात धरतात तसा. बराच वेळ पाहिलं.

"नाही दिसत मले."

मी म्हटलं, "असं कसं? त्या मधल्याच्या बाजूले. बारीक आहे."

"तुले दिसून राहिली?"

"दिसते तर! ती काय!"

झालं. जीभ आपली आपणच बोलून गेली, मी नाही. बाई आणखी थोडा वेळ वर पाहत राहिली, मग मान खाली घातली आणि पदर नीट केला. "चल खाली," म्हणाली. पायऱ्या उतरताना तिनं माझा हात धरला नाही, भिंत धरली.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती पलंगावर पिशवी उघडून बसली होती. दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, सगळं घडी करून आत. शांत होती, आणि मला तेच भेवाचं वाटलं, कारण बाई शांत कधी नसते.

"पोराले फोन केला म्या. सोमवारी गाडी घेऊन येते. मी गावाले जाऊन राहिली."

"आणि ऑपरेशन?"

"कायले फाडता वं आता? सहा महिन्यांचा पाहुणा जीव. माह्या घरी, माह्या अंगणात जाऊ दे."

मी कपबशी टेबलावर ठेवली. म्हटलं, "बाई, त्या ताऱ्यापायी?"

"तुले ठाऊक नाही. आमची सासू अशीच उन्हाळ्यात अंगणात खाटेवर पडली होती. म्हणाली, सूनबाई, आज अरुंधती नाही दिसली. त्या सालची दिवाळी नाही पाहिली तिनं. ह्या डोळ्यानं पाहिलं म्या."

माझा मुलगा आला. त्यानं आधी हसून पाहिलं, मग समजावून, मग आवाज चढवून. "आत्या, तारा पाहून ऑपरेशन रद्द करणारी पेशंट त्या डॉक्टरनं जन्मात पाहिली नसन!"

"मग दाखव त्याले मले. फुकट पाहू दे."

"आत्या, झडप बंद पडून राहिली तुमची. थट्टा नाही आहे ही."

"मी कुठं थट्टा करून राहिली रे? तूच हसत आला होता."

त्यानं डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं. "आई, डॉक्टर म्हणते की ही तारीख गेली तर पुढची कधी मिळन सांगता येत नाही. आणि तोवर काही झालं तर मले फोन नका करू, म्हणते." मग हळूच म्हणाला, "तू काहून नेली तिले वर?"

पोराचं खरं होतं. मी पोळ्यांचा तवा धुवायला घेतला, तो धुतलेलाच होता.

दुपारी, घर झोपल्यावर, मी तिच्याजवळ जाऊन बसले. कूलरचा आवाज होता, म्हणून जरा मोठ्यानं बोलावं लागलं. पाप कबूल करायचं आणि तेही ओरडून!

"बाई, मलेबी नाही दिसत."

"काय?"

"अरुंधती. मलेबी नाही दिसत."

"काल तर दिसत होती."

"काल खोटं बोलली मी. सवयीनं. इथं कोणालेच नाही दिसत. ह्या दिव्यांनी सगळं आकाश धुऊन टाकलं आहे."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझी कीव आली होती, तिच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "काल तुले खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. आज आहे. मग खोटं कवाचं, तूच सांग."

वकील शोभली असती. इतकी वर्षं मी खोटं बोलत होते तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आणि आता त्या ताऱ्याबद्दल खरं बोलले तर ते खोटं ठरलं.

मी दुर्बीण काढली. मुलानं आणून दिलेली, छोटी, दोन डोळ्यांची. तिच्यातून अरुंधती दिसते, शहरातूनही लख्ख दिसते. म्हटलं, "संध्याकाळी हिच्यातून पाहा. नुसतं एकदा."

"त्या डबड्यातून पाह्यलेलं चालत नाही."

"काहून नाही?"

"लग्नात नवरदेव नवरीले दुर्बीण देते का?"

"तुम्ही चष्मा लावून तर पाहता ना? तो चालते?"

"चष्मा नाकावर बसते. तो आपला असते. हे बाहेरचं आहे."

"चष्माही बाहेरून विकतच आणला की!"

"वं, तू माह्या मरणात वाद नको घालू."

शनिवारी संध्याकाळी मग मी शेवटचा उपाय केला. आमच्या गच्चीवर चोरीच्या भेवानं एक मोठा हॅलोजन लावला आहे, तोच सगळ्यात जास्त नडतो. खाली जाऊन चौकीदाराला म्हटलं, दहा मिनिटं बंद कर. तो म्हणाला, "काकू, सेक्रेटरी साहेब ओरडते." मी म्हटलं, "ओरडू दे, मी ऐकून घेईन." त्यानं बंद केला. बाईला मुलानं हात धरून वर आणलं. तिनं नाही म्हटलं होतं, पण मुलगा म्हणाला, आत्या, एवढं माझ्यासाठी.

अंधार झाला तेवढ्यापुरता. पण त्या दिवशी दुपारी वादळी वारा सुटला होता आणि सगळी धूळ वर चढून बसली होती. सप्तर्षीतलेच दोन तारे धड दिसेनात. वसिष्ठ पिवळट, पाण्यात विरघळल्यासारखा. त्याच्या बाजूला काहीच नाही. आम्ही तिघं माना वर करून उभे. बेसा रोडकडून एक झोत आला, आमच्या डोक्यावरून फिरून गेला.

"पाह्यलं?" बाई म्हणाली. "लाईट बंद केली तरी नाही. दिव्याचा दोष नाही हा."

मुलगा माझ्याकडं पाहत होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, गप्प राहा. मी आणखी एक गाठ मारून ठेवली होती, सुटलं काहीच नव्हतं. त्या रात्री बाईच्या खोलीतून घरघर ऐकू येत होती. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि ऐकत राहिले.

रविवार कसाबसा काढला. सोमवारी तिचा मुलगा सकाळीच येणार. आमचा मुलगा रविवारी संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांकडं गेला, काही औषधावर तरी थांबता येईल का विचारायला. घरात आम्ही दोघीच. बाई पडून होती. मी म्हटलं, "वरून कुरडया घेऊन येते, वाळल्या असतील." आणि वर गेले.

कुरडया प्लास्टिकवर होत्याच, खोटं नाही. पण मी कुरडयांसाठी गेले नव्हते. शनिवारचा वारा पडला होता, आकाश जरा निवळलं होतं. मी हॅलोजनकडं पाठ केली, दोन्ही हातांनी डोळ्यांच्या बाजू झाकल्या, घोड्याला लावतात तशा, आणि वसिष्ठाकडं पाहिलं. बोट नाही दाखवलं, तोंडानं काही नाही म्हटलं. नुसतं पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या जागी स्वतःसाठी पाहत होते.

नव्हती.

डोळे मिटले, उघडले. जरा बाजूला पाहून पाहिलं, तशी एक युक्ती असते, तिरप्या नजरेला बारीक तारा सापडतो. नव्हती. डोळ्यांना पाणी आलं. मी पुस्तकं वाचलेली बाई आहे. प्रकाशाचं, धुळीचं, मोतीबिंदूचं सगळं मला तोंडपाठ. तरी त्या क्षणाला माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, सहा महिने. मला माझ्या मुलाचं लग्न दिसलं, जे अजून व्हायचं आहे. मी खाली प्लास्टिकवर बसले, कुरडयांच्या शेजारी, आणि रडू आलं तर रडले.

आधी श्वासाचा आवाज आला. दाराकडून. करवत ओढावी तसा.

बाई दारात उभी होती, चौकट धरून. एकटी चढून आली होती, सोळाही पायऱ्या, न बसता. मी धावले. तिचे ओठ काळसर दिसत होते. तिला तिथंच उंबऱ्यावर बसवलं, पाठीला हात लावला तर लुगडं घामानं भिजलेलं.

"काहून आल्या तुम्ही? कोणी सांगितलं होतं?"

तिला बोलता येईना. तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता, पण पकड कुदळ धरणाऱ्या बाईची.

"थांबा, मुलाले फोन लावते."

"आधी सांग." एवढंच. मग श्वास. मग, "रडत काहून होती?"

"बाई, आता नको."

"सांग."

"नाही दिसत मले." मी म्हटलं. "आत्ता पाह्यलं. खरंच पाह्यलं. नाही दिसत."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. गालावर ओघळ होते माझ्या, पुसायचे राहिले होते. मला वाटतं, माझ्या शब्दांवर नाही, त्या ओघळांवर तिचा विश्वास बसला. कोणी ऐकत नाही असं समजून माणूस रडतो ते वेगळं असतं, तिला ते ओळखता येतं.

"कवापासून?"

"शेवटची दिसली त्याला तीन वर्षं झाली असतील. त्याच्यानंतर नुसतं दिसते दिसते म्हणत आली."

"तीन वर्षं?"

"हो."

बाईनं दोनतीन श्वास घेतले. कपाळावर आठी पडली, मजूर मोजताना पडायची तशी.

"मग तू मेली काहून नाही वं?"

देवाशपथ, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तीन वर्षांत सहा महिने किती वेळा येऊन गेले! आणि बाई, तिला श्वास पुरत नव्हता, ओठ निळे पडत होते, आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकल्यानं ती पुढं वाकली आणि मी घाबरून तिला धरलं.

"हसू नका, बाई! नका हसू!"

"सहा वेळा मेली असती तू," ती म्हणाली. "सहा वेळा तेरवी जेवली असती मी."

मी एका हातानं फोन लावला. मुलगा म्हणाला, वाटेतच आहे, पुलावर, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत बाईला मी बोलू देत नव्हते, आणि ती बोलल्याशिवाय राहत नव्हती.

मी विचारलं, तिचं मन दुसरीकडं लागावं म्हणून, आणि मलाही आता हे शेवटपर्यंत तपासायचं होतं म्हणून. "तुमच्या सासूबाई कशानं गेल्या?"

"पान लागलं."

आमच्याकडं सापाचं नाव अंधार पडल्यावर घेत नाहीत, साप चावला असं म्हणायचं नसतं. पान लागलं म्हणतात.

"कुठं?"

"धानाच्या कोठीजवळ. भरदिवसा. पाय पडला तिचा." ती थांबली. या वेळी श्वासासाठी नाही. "सारे म्हणे, एवढा मोठा दिसला कसा नाही. त्याच्या आदल्या साली आंबाडीची भाजी निवडताना किडे तसेच राहत. मी बोलत होती तिले त्याच्यावरून." आणि मग अगदी हळू, "डोळे गेले होते वं तिचे. आमाले कोणालेच समजलं नाही."

लिफ्ट वाजली. मुलगा चार-चार पायऱ्या ओलांडत आला, मागून चौकीदार. त्यांनी माझी ती प्लास्टिकची खुर्ची आणली, बाईला तिच्यात बसवलं, दोघांनी दोन बाजूंनी उचललं. पायऱ्यांवर खुर्ची तिरपी झाली तेव्हा माझा जीव गेला. खाली बाई माझ्या मुलाला म्हणाली, "माह्या पोराले फोन कर. म्हणा, घरी नको येऊ. दवाखान्यात ये."

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली. माझ्या तोंडून त्या दिवसांत जे जे निघालं होतं, त्याचं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं.

दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. ते उतरवायला दोन दिवस लागतील, उतरलं तर बुधवारी करू, नाही तर नाही, डॉक्टर म्हणाले. मग मला विचारलं, "ह्यांना पायऱ्या चढू कोणी दिल्या?" मी म्हटलं, मी. ते मला जे बोलायचं ते बोलले, मी उभी राहून ऐकलं. मुलगा मध्ये बोलायला गेला, मी त्याचा शर्ट ओढला.

पाणी उतरलं. बुधवारी सकाळी तिला न्यायला आले. हिरवे कपडे, डोक्याला टोपी. बाईनं स्वतःच्या टोपीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "पोळ्याचा बैल केला मले." तिच्या मुलानं तोंड फिरवलं. तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही मोठं बोलेल.

"भेव लागून राहिलं वं," ती म्हणाली.

इतके दिवस ती मरणाबद्दल असं बोलत होती जसं गाडी किती वाजता सुटते ते सांगावं. ताऱ्यानं सांगितलं होतं, विषय संपला होता, भेवाला जागाच नव्हती. आता तारा नव्हता. आता नुसती ती होती आणि ऑपरेशनच्या खोलीचं ते दार. मला काही चांगलं सांगावंसं वाटलं, सगळं ठीक होईल वगैरे. पण मला काय ठाऊक होतं ठीक होईल की नाही? खोटं बोलायची माझी हिंमत उरली नव्हती.

"मलेबी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, बरं वाटल्यासारखी. "चहाले नको जाऊ. इथंच बस. मी आत असेपर्यंत."

"नाही जात."

स्ट्रेचर आत गेलं. मी दाराच्या समोरच्या बाकावर बसले. तिचा मुलगा येरझारा घालत होता, माझा मुलगा फोनवर. माझ्या शेजारी एक बाई पोथी वाचत होती, तिनं मला विचारलं, तुमचं कोण आत आहे. मी नणंद म्हटलं तर तिला आश्चर्य वाटलं. "नणंदेसाठी इतकं?" म्हणाली. दहा वाजले, अकरा वाजले. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर, आणि कोणीतरी नुसती ट्रे घेऊन निघून जायचं. बारा वाजता मुलानं चहा आणला. मी त्याला परत पाठवलं. जाणं न जाणं वेगळं, चहा घेणंच नको वाटलं. डोकं दुखायला लागलं होतं. एक वाजला. आत काय चाललं असेल याचं चित्र मी डोळ्यांसमोर येऊ देत नव्हते, म्हणून फरशीचे चौकोन मोजत होते आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता.

दोनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ. तिचा मुलगा पुढं गेला, मी बाकावरूनच ऐकलं.

"झडप बसली," ते म्हणाले. "आता पुढचे चोवीस तास महत्त्वाचे. पण बसली."

मी भिंत धरून उठले. कॅन्टीनमध्ये गेले, चहा घेतला. फार गोड होता, गार होता, पूर्ण प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकाला एक मिनिट आत सोडलं. मी दुसरी गेले. तिच्या तोंडात नळी होती, हात बांधलेले, सगळीकडून वायरी. डोळे उघडे होते. चष्मा नव्हता, तरी मी आत आल्याचं तिला कळलं. बोलता येत नव्हतं. तिनं बोटं जरा उचलली, अंगठा आणि तर्जनी, कप धरल्यासारखी, आणि भुवया वर केल्या.

"घेतला," मी म्हटलं. "तुमचं झाल्यावर घेतला."

तिनं डोळे मिटले. मी मॉनिटरवरची हिरवी रेघ पाहत उभी राहिले, नर्सनं खांद्याला हात लावेपर्यंत.